एकीकडून काळं इंजिन

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

इंद्रजीतसाठी मी गंजका रंगवलेला मालडब्याचा मॉडेल परत आला! नागपूरहून, कुरिअरने. सोबत चिठ्ठी — "ताई, गंज जरा जास्त वाटतोय. थोडा फ्रेश लुक द्या ना."

फ्रेश लुक! चाळीस वर्षं कोळसा वाहून झिजलेला डबा, त्याला फ्रेश लुक. या माणसाकडे साठ मॉडेलं आहेत आणि खऱ्या मालगाडीकडे त्याने एकदाही धड बघितलेलं नाही. पैसा आहे, काचेचं कपाट आहे, डोळे नाहीत. अशाच लोकांच्या क्लबाचं प्रदर्शन चौदा डिसेंबरला. गेली सहा वर्षं मीच पहिली येते. स्पर्धा तरी कोणाशी?

डब्यावरचा गंज तसाच ठेवला. नुसती धूळ झटकली आणि उद्या परत पाठवते. खूश होईल, बघा.

११ नोव्हेंबर

दारव्हा रोडवरच्या गॅरेजचा तारिक आला होता. माझी स्कूटी तोच बघतो. काखेत जुन्या चादरीचं गाठोडं. सोडलं तर आत शकुंतलेचं, आमच्या इकडच्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचं, इंजिन! जुनं वाफेचं, दीड वीत लांब, डालड्याच्या डब्यांच्या पत्र्याचं. त्याच्या अब्बांनी केलेलं. निजामुद्दीन — शकुंतलेवर फायरमन होते, भट्टीत कोळसा टाकायचे. मागच्या वर्षी गेले. परवा घर बदलताना इंजिन पडलं. चाकं जोडणारी दांडी वाकली, धुराडं निखळलं.

"अम्मीनं सांगून पाठवलं ताई, फकत दांडी आन् धुराडं. रंगाले हात नका लावू म्हने."

याला रंग म्हणतात हे मला आजच कळलं.

१३ नोव्हेंबर

दांडी सरळ केली, धुराडं डाख देऊन बसवलं. तासाभराचं काम. उरलेला दिवस त्या इंजिनावर चिडण्यात गेला.

डावी बाजू काजळीने आणि तेलाने माखवलेली — ती एक वेळ बरी म्हणू. उजवी? जवळजवळ स्वच्छ! टाकीपासून केबिनपर्यंत नुसता काळा रंग, वर कुठेकुठे मळकट फराटे. अर्ध्यात कंटाळला माणूस, दुसरं काय! खरं इंजिन असं एकीकडून मळतं का कधी? जन्मभर त्यावर चढून-उतरून हे एवढं कळू नये? भट्टीत कोळसा फेकणं वेगळं आणि हे वेगळं.

काम हाती घेण्याआधी फोटो काढायची माझी पद्धत आहे. डाव्या बाजूचे अकरा काढले. उजवीकडे काढण्यासारखं काही नव्हतंच.

इंदूबाई फरशी पुसता पुसता थांबली. "ताई, इकून कोनीतं पुसेल दिसते हे. पाहा ना, कोपऱ्याकोपऱ्यात काळं राह्यलं."

म्हटलं, तू तुझ्या फरशीकडे बघ. तिच्या पुसण्यातही कोपरे तस्सेच राहतात, म्हणून ओळखीचं वाटलं असेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं. सगळा रंग काढायचा.

सुग्राबींना — म्हणजे तारिकच्या अम्मीला — फरक कळणार आहे थोडाच? नवं बघतील तेव्हा खूशच होतील. एकतीस वर्षं सरकारी ड्रॉइंग बोर्डावर मान मोडली. तिथेही साहेब लोक हेच म्हणायचे, "मॅडम, आहे तसं ट्रेस करा." आहे तसं! मग ते चुकीचं का असेना. रिटायर झाल्यावर तरी मी कोणाच्या चुका ट्रेस करणार नाही.

थिनर, जुना टूथब्रश. अर्ध्या तासात पत्रा उघडा पडला. आणि खाली काय काम! एकेक रिवेट ठोकून उठवलेला. ओळ कुठे तसूभर हललेली नाही. जरा वेळ नुसतीच हातात धरून बसले. म्हणजे हात होता या माणसाला. मग उजवी बाजू अशी का सोडली? आळस. चांगल्या हातांना बहुतेक हाच रोग असतो.

१८ नोव्हेंबर

प्रायमर वाळत नाहीये. आभाळ भरलेलं. सगळं यवतमाळ कापसासाठी वर बघतंय, मी प्रायमरसाठी.

२२ नोव्हेंबर

झालं! तीन दिवस मान वर केली नाही. आधी गंजाचा रंग, त्यावर ओल्यातच जाड्या मिठाचे खडे, वरून काळा. वाळल्यावर मीठ झटकलं की रंग बरोबर हवा तिथेच उडतो आणि खालचा गंज दिसतो. टाकीवरून पांढरे क्षाराचे ओघळ. त्यासाठी पुस्तकं बघायला नको, माझ्या बाथरूममधली बादली पुरे. शेवटी काळ्या खडूची पूड, तेलात कालवून. दोन्ही बाजूंना! सारखी! उजवी बाजू आता डावीच्या तोडीस तोड घाण आहे.

वॉर्निश प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मारेन. तोवर वरची काजळी पुसली जाऊ शकते, कोणी बोट लावलं तर बोट तोडीन.

२६ नोव्हेंबर

इंद्रजीतला फोटो पाठवला. उत्तर — "ताई, किलर!!!" आणि आगीची चार चित्रं. साठीला आलेला माणूस.

प्रदर्शनात इंजिनाचं नाव घातलं. तारिकला विचारलं नाही. पंधरा दिवस इकडे राहिलं तर काय बिघडतं? त्यांच्याकडे ते टीव्हीच्या डोक्यावर बसलेलं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुग्राबी आल्या. तारिकने ऑटोतून आणलं. बारीक अंगाच्या, गुडघे गेलेले. चहा घेतला नाही, आधी इंजिन म्हणाल्या. मी टेबलावरचा दिवा लावला, वरचं कापड काढलं. खरं सांगायचं तर कौतुकाची वाट बघत उभी होते.

डावी बाजू बघितली. मान हलवली. मग तारिकला इंजिन फिरवायला लावलं. उजवीकडे बघत राहिल्या. बराच वेळ.

"इकूनबी असंच?"

म्हटलं, हो, आधी अर्धवट होतं ना, मी पूर्ण केलं.

"छान केलं बाई," म्हणाल्या. उठल्या. तारिकने चादर उघडली तर त्याचा हात धरला. "राहू दे इथंच. हे आपलं नोहे."

आणि गेल्या! थँक्यू नाही, काही नाही. यांना काय कळतं? घरात एक कलेची वस्तू यायची होती, ती नको!

(झोप येत नाही. चहा तरी घ्यायचा होता त्यांनी.)

२९ नोव्हेंबर

स्कूटीचं निमित्त काढून गॅरेजवर गेले. तारिक माझ्याकडे न बघता नट आवळत राहिला. शेवटी पाना खाली ठेवला.

"ताई, अम्मीचं घर दारव्ह्याले ठेसनाच्या मांगं होतं. अब्बानं निकाहसाठी मागनी घातली तं नाना, अम्मीचे अब्बा, म्हने, कोयश्यानं काळ्या झालेल्या मानसाले मी पोरगी देत नाही. मंग अब्बा काय करे, दारव्ह्याच्या आंधी गाडी थांबली का चिंधी घे आन् फलाटाकडची बाजू पुसून काढे. रोज! गाडी दारव्ह्यात शिरे तं चकाचक. अम्मी उभी राहे पाह्याले. दीड वर्सानं नाना कबूल झाले."

"आणि लग्नानंतर?"

"सोडलं कुठी? इंजन बंद होयेपर्यंत पुसे. ड्रायवर हासत. दुसऱ्या बाजूले हात नाही लावे कधी, म्हने तिकून कोन पाह्यते."

फलाटाकडची बाजू म्हणजे उजवी.

घरी आले. फोनमधले अकरा फोटो बघितले. अकराही डावीकडचे. इंदूबाईला पाच मिनिटांत दिसलं होतं. मला, सहा वर्षं पहिली येणाऱ्या बाईला, दिसलं नाही. इंद्रजीतला काय हसायचं? लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

३० नोव्हेंबर

प्रदर्शनातून नाव काढलं. इंद्रजीतने रडक्या तोंडाची चित्रं पाठवली. 

२ डिसेंबर, मंगळवार

इंजिन घेऊन त्यांच्या घरी गेले. आधी माफी मागितली. मग रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी सुग्राबींपुढे धरली. म्हटलं, उजवी बाजू मला आठवत नाही, मी नीट बघितलीच नव्हती. तुम्ही पुसा.

"मी कशी पुसू बाई? पुसाचे ते. मी तं फकत पाह्याची."

खुर्ची ओढून समोर बसल्या. मी पुसायला लागले. कोपऱ्यात काळं अडकलं, तिथे मी चिंधीचं टोक घातलं.

"ते राहू द्या. त्यांचंबी राहे."

राहू दिलं.