वरचं पाणी, खालचं पाणी

ता. २ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पाणीपुरवठा खात्याची नोटीस काल आमच्या बागायतदार संघाच्या दारावर चिकटली. नदीवरचा पाटाचा दरवाजा ताबडतोब बंद करा म्हणे, आणि खाली सही तुझी! मी संघाची चिटणीस, त्यामुळे सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते. तुझे मेहुणे म्हणाले, मेव्हण्याने घरचा आहेर बरा दिला. ते हसले, बाकी कुणी हसलं नाही. फळ आत्ता कुठे लिंबाएवढं झालंय, पाणी तोडलं तर सगळं गळेल. शहराच्या चौकात कारंजं उडतंय आणि आमची झाडं मारायची का, असं एकाने विचारलं. मी काय उत्तर देऊ? कागद पाठवण्यापेक्षा स्वतः ये. जेवायला ये, भांडायला ये, पण ये.

माया आहेच, राग वेगळा.
तुझी ताई

ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि कुणीतरी कान पिळल्यासारखं झालं. कारंजं त्याच संध्याकाळी बंद केलं. पण ताई, इथे नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार येते. इस्पितळाच्या टाक्या टँकरने भरतोय. वरच्या मजल्यांवरची माणसं बादल्या घेऊन जिन्यात बसतात. रविवारी येतो. सोबत कापड रंगवणाऱ्या कारखान्याचे मालक आणि मधल्या डोहावरची कोळीण मावशी असतील. नदी त्यांचीही आहे. आवाज चढणार, तेव्हा चहा जास्त टाक.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ

ता. १२ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

भावंडं भांडलात का, असं तू विचारलंस. भांडलो! फळं भरण्याच्या शेडमध्ये, सगळ्यांदेखत. भाऊ म्हणाला, दरवाजा बंद करा. मी नाही म्हटलं. त्याचा चेहरा उतरला, पण संघाची बाजू मांडायची तर दुसरं काय करणार? तेवढ्यात कोळीण मावशी उठल्या. तुम्ही दोघं पाणी वाटून घ्याल, मग मासे काय वाळूत पोहतील, असं त्यांनी ठणकावलं.

मग सगळेच दरवाजा बघायला गेलो. तो गंजून अर्ध्यात अडकलेला. निम्मं पाणी बागेलाही नाही, शहरालाही नाही, फुकट नाल्यात जातं. खालच्यांना वाटायचं, आम्ही मुद्दाम अडवतो. भाऊ बूट काढून पाण्यात उतरला आणि चाकाशी झटला, मालकही विजार दुमडून मागोमाग. चाक हललं नाही, पण माणसं हलली. ठरलं असं, की शहराचे फिटर दरवाजा दुरुस्त करतील, बागा आळीपाळीने पाणी घेतील, कारखाना पाणी गाळून पुन्हा वापरेल आणि डोहाची धार कधीच तुटू द्यायची नाही. जेवताना भाऊने दोनदा भात घेतला. समजलीस ना?

तब्येतीला जप, आशीर्वाद असू दे.
तुझी थोरली

ता. २८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाणी आलं! पहाटे वरच्या मजल्यावर नळ खळखळला, तर लोक खिडक्यांतून एकमेकांना हाका मारत होते. मावशींनीही डोह भरल्याचा निरोप पाठवला. कारखान्याचे मालक गाळणीच्या खर्चावरून कुरकुरतात, पण बसवली.

आळीपाळीच्या पाण्यामुळे यंदा तुमचं फळ थोडं बारीक राहणार, हे तू लिहिलं नाहीस. मेहुण्यांनी सांगितलं. मी ते इथल्या सभेत सांगितलं. मग एक बाई उठून म्हणाल्या, त्यांच्या पाटातला गाळ तरी आपण काढू. रविवारी आम्ही येतोय. ट्रक भरला, तरी माणसं मागे राहायला तयार नाहीत. फावडी कमी पडतील, शेजाऱ्यांकडून मागून ठेव.

भेटीअंती बोलूच, लोभ वाढता ठेव.
तुझा भाऊ