डावा बोळा, उजवा बोळा

नेर, १२ नोव्हेंबर १९६१
यांनी आज अर्धी भाकरी टाकली. "कोरडी लागते." दुधात कुस्करून दिली, तरी तेच. दोन वर्षांपूर्वी चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून डाव्या गालात लाळ नाही, चवही नाही. उजवीकडून चावून निभत होतं. आता उजवीही कोरडी. पोटदुखीचं मिक्श्चर मी घड्याळ पाहून देते, दिवसातून चार वेळा. एकही डोस चुकलेला नाही.

१४ नोव्हें.
शेजारच्या गंगूबाई आल्या. "मास्तरीणबाई, भाऊच्या दम्याच्या बिड्या सरल्या असतीन. अजून आणून देऊ काय?" धोतऱ्याच्या पानांच्या बिड्या. दोन महिने हे परसात जाऊन ओढताहेत. मला पत्ता नाही.
बाटली घेऊन दवाखान्यात गेले. कंपाउंडर म्हणाला, "बेलाडोना हाय त्यात, बाई. तोंड सुकतेच थोडं." धोतरा आणि बेलाडोना एकाच कुळातले. वर्षानुवर्षं मुलींना फळ्यावर लिहून दिलं आहे. दोन्ही बंद केलं.
यांना फार बोलले. डोस तर मीच पाजत होते.

१८ नोव्हें.
कॉलेजात केलेला प्रयोग, तीस वर्षांनी, स्वयंपाकघरात. दोन्ही गालांत कापसाचा एकेक बोळा, पाच मिनिटं. दोन वाट्यांत तांदळाची पातळ खळ, त्यात बोळे पिळले. अर्ध्या तासाने आयोडीनचा थेंब. लाळेतलं पाचक द्रव्य खळ पचवतं, मग निळा रंग येत नाही.
उजवी वाटी: रंग नाही. डावी: गडद निळी.
म्हणजे उजवी बाजू औषधानेच सुकली होती. जीव थाऱ्यावर आला. हे म्हणतात, "आता थुंकीचीही परीक्षा. पास का नापास, हेडमास्तरीणबाई?"

६ डिसें.
यवतमाळला मोठ्या डॉक्टरांकडे. लाळ सुटायचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत डावीकडून धार, सदरा भिजला. उजवीकडे बेताचीच. मला वाटलं, डावी जागी झाली. डॉक्टर म्हणाले, "उलट आहे, बाई. नस मेली की ग्रंथी औषधासाठी हपापते. नस शाबूत असली की इतकी उसळत नाही."
डावा बोळा बाटलीत घालून घरी आणला. खळीत पिळला. निळीच. म्हणजे ती धार नुसतं पाणी, पाचक द्रव्य नाही.

११ फेब्रुवारी १९६२
तीन दिवस उजवी वाटीही निळी. भाकरी पुन्हा टाकू लागले.
मिक्श्चर नाही. गंगूबाईंना विचारलं, "तुमच्या गळ्याची आण, बाई, एकबी नाही देली." कोटाचे खिसे, ट्रंक, परसातली लाकडं, सगळं उलथून पाहिलं. बिडी सापडली असती तर किती बरं झालं असतं.

१९ फेब्रु.
पुन्हा यवतमाळ. तेच इंजेक्शन, तेवढंच. दोन्हीकडून एकदम धार. टॉवेल पुरेना. हे हसत होते. "पाहा, सुटलं की नाही पाणी? घरी गेल्यावर ठेचा कर. मिरच्या मोजून टाकू नको."
डॉक्टर पुसलेली सुई पुन्हा पुसत राहिले.
व्हरांड्यात गाठून विचारलं, उजवीही मेली, आता पुढची नस कोणती?
"आजच काय सांगू. गिळताना ठसका लागतो का, लक्ष ठेवा."
"आणि लागला तर?"
"नागपूरला घेऊन जा. त्याच दिवशी."
ठसका लागतो का, यांना विचारलं नाही. डॉक्टर काय म्हणाले, तेही सांगितलं नाही. बसमध्ये हे शेजारच्या माणसाला सांगत होते, बायकोनं घरच्या घरी रोग पकडला म्हणून.
ठेचा कुटला. सांगितल्याप्रमाणे, न मोजता. हे पाटावर बसले आहेत, मी समोर वही घेऊन. "जेवताना कशाला लिहितेस?" म्हणाले. हिशेब, म्हटलं.
पहिला घास घेतला. उजवीकडे. चावताहेत. अजून गिळलेला नाही