आईसाठी मी वाचलेलं पुस्तक

४ मार्च
सकाळी आईचा फोन. चोवीसला तिला सत्तर पूर्ण होतात. मी मिक्सर म्हणालो. नको म्हणाली. मसाज करणारी खुर्ची? तीही नको. तू वाचलेलं आणि तुला आवडलेलं एक पुस्तक आण म्हणाली, म्हणजे त्यावर बोलता येईल. बाबा होते तोवर दोघं एकच पुस्तक पाळीपाळीने वाचायचे आणि सकाळच्या चहावर त्यावरून कडाकडा भांडायचे. आता ती वाचते, पण एकटीला भांडता येत नाही म्हणाली.
एवढंच? माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला हे म्हणजे हातचा मळ. वीस दिवस आहेत. तीन पुस्तकं वाचायची, त्यातलं उत्तम निवडायचं. आई तीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल होती, तेव्हा काहीतरी भारदस्त हवं.

५ मार्च
पुस्तकांच्या दुकानात दीड तास. दुकानदाराने विचारलं, अलीकडे काय वाचलंत? बरंच, म्हणालो. मग तो माझ्या वाटेला गेला नाही. आदर असावा.
खरेदी: टेबल लॅम्प, बुकमार्क (सहाचा सेट), टिपणांची वही. आणि सहाशे चाळीस पानांची एक कादंबरी. वजनदार आहे. पिशवीचा बंद तुटला.

८ मार्च
चार पानं झाली. चार पानांत अकरा माणसं! त्यांचा वंशवृक्ष वहीत काढला. तीन रंगांत. एक मावशी कुठे जोडायची ते कळेना, म्हणून थांबलो. बायको म्हणाली, एवढ्या वेळात पन्नास पानं झाली असती. तिला खोलात जाऊन वाचणं म्हणजे काय ते माहीत नाही.

१२ मार्च
पद्धत बदलली. विमा कंपनीत आहे मी, रोज शंभर क्लेमच्या फायली हातावेगळ्या करतो. कशा? पहिलं पान आणि शेवटचं पान. मधल्या पानांत लोक नुसतं रडगाणं गातात. हेच तंत्र कादंबरीला लावलं. पहिल्या पानावर एक बाळ जन्माला येतं, शेवटच्या पानावर एक म्हातारा बाकावर बसलेला असतो. तोच असावा.
खात्रीसाठी फोनवर कादंबरीचा सारांश ऐकला. बारा मिनिटांचा होता, दुप्पट वेगाने सहा मिनिटांत संपला. म्हातारा वेगळाच निघाला. बायको म्हणाली, मग आईंनाही ती सहा मिनिटंच द्या गिफ्ट. टोमणा होता. दुर्लक्ष केलं.

१५ मार्च
ताईचा फोन. तिने आईसाठी ब्लँकेट घेतलं. (कल्पकता शून्य.) पण तिने आणखी एक सांगितलं. आईने उशाजवळच्या फळीवर एका पुस्तकाची जागा रिकामी करून ठेवली आहे. शेजारणींना सांगत सुटली आहे, माझा मुलगा स्वतः वाचून पुस्तक निवडतोय. ताईला हसू आवरत नव्हतं.
मला मात्र मान दुखायला लागली. वाचनाचाच ताण असणार. तीन दिवस विश्रांती.

१९ मार्च
अक्षरं डोळ्यांसमोर नाचतात. आपल्याला चष्मा लागला असणार, एवढे दिवस उगाच स्वतःला दोष देत होतो! आनंदाने डोळे तपासून घेतले. नंबर नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले डोळे क्वचित पाहायला मिळतात. निराशा झाली.
कादंबरी: पान नऊ. मावशी अजून लोंबकळते आहे.

२३ मार्च
तोंडचं पाणी पळालं आहे. सहाशे चाळीस पानांचं पुस्तक दिलं तर आई सहाशे चाळीस प्रश्न विचारणार. बारीक पुस्तकाला प्रश्नही कमी. दुकानात धावलो, तर साप्ताहिक सुट्टी.
पण मी डगमगणारा नव्हे. माळ्यावरचं जुनं खोकं काढलं. त्यात, जुन्या फाइलींच्या खाली, एक छोटेखानी कादंबरी. जाड पुठ्ठ्याची जुनी बांधणी. दुर्मिळ आवृत्ती असावी. माझ्याकडे कुठून आली आठवत नाही, बहुधा मीच कधीतरी चोखंदळपणे घेतली असणार. धूळ पुसून लगेच रंगीत कागदात बांधली. मग लक्षात आलं की निदान पहिलं-शेवटचं पान तरी बघायला हवं होतं. पण कागद इतका सुबक बसला आहे की फोडणं जिवावर येतं. शीर्षकावरून कथा दुःखी असणार. तेवढं पुरे.

२४ मार्च, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
जेवणं झाल्यावर आईने पुडकं हातात घेतलं. न फोडताच विचारलं, तू वाचलंस ना? म्हणालो, म्हणजे काय! शेवट कसा वाटला? मी म्हणालो, शेवट वाचून डोळ्यांत पाणी आलं.
खूश झाली ती. किती खूश झाली ते लिहिता येणार नाही. मग तिने कागद सोडवला आणि ग्रंथपालाच्या सवयीने पुस्तक मागून उघडलं.
शेवटची आठ पानं नव्हतीच. फाटलेली. वाचनालयाने बाद केलेली प्रत, तिनेच घरी आणलेली, त्यावर शिक्काही होता. शेवट तिला आणि बाबांना पाठ होता, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. बाबा गेले त्या वर्षी तिने ती मला वाचायला दिली. नऊ वर्षं झाली. मागच्या पानात एक चिठ्ठी होती, तिच्याच अक्षरातली. ताईने ती मोठ्याने वाचली. इथून पुढची पानं नाहीत. इथवर आलास की फोन कर, शेवट मी सांगेन.
ताई हसली नाही. बायकोसुद्धा नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
आई रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. ती एवढंच म्हणाली, परत आणलंस, बरं केलंस. मग पेन मागितलं, पुस्तकामागच्या वाचनालयाच्या कार्डावर परतीची नवी तारीख घातली आणि पुस्तक माझ्याच हातात दिलं. महिन्याने आणून दे म्हणाली. चिठ्ठी होती तिथेच राहू दिली.
घरी येताना बायकोने गाडी चालवली. मला लाज वाटत होती. नऊ वर्षं आई एका फोनची वाट बघत होती आणि मी तिला मिक्सर विचारत होतो.

२५ मार्च
नवा निश्चय. पुस्तक दोनशे बारा पानांचं. त्यातली आठ नाहीत, म्हणजे काम आधीच थोडं झालेलं आहे. रोज दहा पानं. साधा हिशोब. वंशवृक्ष नाही, सारांश नाही. लॅम्प बायकोला देऊन टाकला.

२८ मार्च
पान सात. परवा मान, काल ऑडिट.
दुपारी आईला फोन केला. एकशे चाळिसाव्या पानावर आहे असं सांगणार होतो. तोंडून सात निघालं. वाटलं, आता ती फोन ठेवणार. मग पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि खुर्ची ओढल्याचा. बसली असावी. म्हणाली, बरं, सांग, सातव्या पानावर काय होतं?
थांब म्हणालो. पुस्तक उघडून बघावं लागलं.