तिसरा ढीग

मार्बलहेड,
५ जून १७५३

प्रिय अँब्रोज,

तुझे पत्र आणि साखरेची ढेप दोन्ही सुखरूप पोचली. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या मेहुण्याची, रूबेनची, कंबर हिवाळ्यात धरली होती, ती आता सुटली आहे आणि तो पुन्हा पिंपे बांधायला बसतो. धाकटी हॅना चालू लागली. दिवसभर कोंबड्यांच्या मागे असते. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. धुके या वर्षीही फार आहे. सकाळी मासा वाळवणाच्या मांडवावर पसरायचा आणि दुपारच्या आत गोळा करून झाकायचा, असे चालले आहे.

बाबा शांतपणे गेले का, असे तू विचारले आहेस. पोटाच्या दुखण्याने गेले, पाद्रीसाहेब जवळ होते, असे मी मार्चमध्ये चार ओळींत कळवले होते. ते खरे आहे.

दफनाला माणसे बरीच आली. तुझे मालक थर्लोसाहेब स्वतः आले आणि सगळ्यांना वाटायचे हातमोजे त्यांनीच दिले. काळे, मऊ कातड्याचे. मी ते घातले नाहीत. थंडी होती तरी घातले नाहीत.

दगडावर 'या गावचा शपथेचा पारखी' असे कोरावे, हे तुझे म्हणणे मी पाथरवटाला सांगितले नाही. नाव आणि साल पुरे, म्हटले. तो म्हणाला, "अहो बाई, तुमच्या भावाने जास्तीच्या अक्षरांचे पैसे धाडलेत. त्यांचं काय करू?" मी म्हटले, "दगडाच्या माथ्यावर पंखांची कवटी कोरता ना, तिचे पंख मोठे काढा." त्याने खरोखरच मोठे काढले आहेत. कवटी एखाद्या बदकासारखी दिसते. बाबा हसले असते.

हे वाचून तुला राग येईल. मला लिहायची सवय नाही, तू जाणतोस. पण अक्षरे का गाळली ते सांगितले पाहिजे, म्हणून बसले आहे.

तुला आपला प्रार्थनाघरातला खेळ आठवतो का? गावसभेत घेतलेल्या शपथेप्रमाणे बाबा धक्क्यावर विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभे राहून एकेक मासा उचलायचे, बोटाच्या पेराने ठोकायचे, वास घ्यायचे, उजेडात धरायचे आणि नाव पुकारून फेकायचे. स्पेनला जायचा तो "बिल्बाओ!" आपल्याकडे खायचा तो "घरचा!" आणि फाटका, उन्हाने करपलेला, बेटांवर गुलामांच्या पोटात जायचा तो "जमैका!" आपण बाकावर बसून येणारी माणसे तशीच निवडायचो. थर्लोसाहेब त्यांच्या कोटामुळे बिल्बाओ. शाळामास्तर घरचे. आणि पाद्रीणबाई आत आल्या तेव्हा तू भर प्रार्थनाघरात "जमैका!" म्हणून ओरडलास. बाबांनी तुझा कान धरून बाहेर नेले. मी खिडकीतून पाहिले, बाहेर त्यांनी तुला मारले नाही. भिंतीला टेकून पोट धरून हसत होते.

या तीन ढिगांत न बसणारा मासा असायचा, लाल पडलेला, बुळबुळीत, वास मारणारा. त्याला नाव नव्हते. तो मक्याच्या शेतात पुरायचा. "हा माणसाचा नाही, मातीचा," असे बाबा म्हणत. आपल्या खेळात आपण कोणालाच तसे म्हटले नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये तू आलास तेव्हा गावाला किती कौतुक वाटले! तिकडे बेटांवर, ब्रिजटाउनचा अडत्या, निळा कोट, चांदीची बटणे. बाबा तर शेजारच्या म्हाताऱ्यालाही बोलावून तुझी बटणे दाखवत होते. त्या वेळीही धुक्याने मासा बिघडला होता. थर्लोसाहेबांचा अर्ध्याहून जास्त माल लाल पडला होता. त्या दुपारी तू बाबांशी बोललास तेव्हा मी मांडवाच्या पलीकडे मासा उलटत होते. मला तू पाहिले नाहीस. मी सगळे ऐकले.

"बाबा, एवढा माल खताला टाकताय?"

"मग काय, तुझ्या ताटात वाढू?"

"तिसऱ्या ढिगात टाका ना."

"अरे, तिसरा ढीगसुद्धा माणसंच खातात."

"तिथे कोण विचारतंय बाबा! मळेवाला घेतो, मुकादम वाटतो. खाणारा काही परत घेऊन येत नाही." तू हसलास. मग आवाज खाली आणलास. "थर्लोसाहेब मला भागीदार करतायत. पण गलबत भरून गेलं तर. अर्धं रिकामं गेलं तर त्यांचा मेहुणा टपलेलाच आहे. एकदाच, बाबा. माझ्यासाठी."

बाबांच्या हातात एक लाल मासा होता. तो त्यांनी उजेडात धरला नाही. वासही घेतला नाही. नुसता हातात धरून उभे राहिले, मग तिसऱ्या ढिगावर टाकला. मग दुसरा. मग तिसरा. अँब्रोज, तू तेव्हा खूश होऊन थर्लोसाहेबांकडे निघून गेलास, म्हणून तुझ्या लक्षात आले नसेल. त्या दुपारी धक्क्यावर बाबांचा आवाज नव्हता. एकाही माशाचे नाव त्यांनी पुकारले नाही.

सप्टेंबरात तू त्याच गलबताने गेलास. तळाला पिंपे, वर तू.

डिसेंबरात गलबत परतले. तांडेल जोब तुझा निरोप घेऊन घरी आला. तू भागीदार झालास, हे ऐकून बाबांनी सफरचंदाच्या दारूचे भांडे त्याच्यापुढे ठेवले. जोबला ते पुरेसे झाले. मांडीवर थाप मारून म्हणाला, "हंफ्रीकाका, तुमच्या शिक्क्याच्या पिंपांचं तिकडे मोठं नाव झालंय. एका मळ्याचा मुकादम मला काय म्हणाला माहितीये? मार्बलहेडचा माल असा, की एकदा खाल्ला की माणूस पुन्हा मागतच नाही!"

रूबेनही आधी हसला. त्याला वाटले, चव वाईट म्हणून.

बाबांनी विचारले, "का मागत नाही?"

जोबने भांडे खाली ठेवले. "पोटं गेली त्यांची. बरीच माणसं गेली म्हणतात. पोरं आधी. पण काका, तिकडे कशानंही मरतात. ऊन, ताप... तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"अँब्रोजला ठाऊक आहे?"

"त्यांना ठाऊक नसून कसं चालेल? त्या मळेवाल्याला त्यांनीच पुढच्या मालात सूट दिली."

बाबांनी जोबला दारापर्यंत पोचवले. वाट घसरडी आहे, जपून जा, असे म्हणाले. परत येऊन जागेवर बसले आणि बराच वेळ पेरांनी टेबल ठोकत राहिले. मासा ठोकायचे तसे.

शनिवारी मी नेहमीप्रमाणे मासा, बीट आणि डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असे जेवण केले. बाबांनी ताट सरकवले. "पडवीमागे लाल माशाचा ढीग आहे, शेतासाठी ठेवलेला. त्यातला मला उकडून दे."

मी म्हटले, "बाबा, काहीतरीच काय!"

"ते खातात ना?"

मी दिला नाही. तेव्हा ते स्वतः उठले, बर्फ उकरून मासा काढला आणि चुलीवर चढवला. सगळ्या घरात वास भरला. रूबेन मुलांना घेऊन शेजारी गेला. पुढच्या शनिवारी मी मासा भरपूर धुऊन, चार पाण्यांतून काढून दिला. त्याच्या पुढच्या वेळी मी चांगलाच मासा उकडला आणि वर बिटाचे पाणी ओतून लाल केला. बाबांनी नुसते बोट लावले.

"हा बिल्बाओचा आहे, टॅमसिन. मला फसवू नकोस. मीच फसवणारा आहे या घरात."

त्यानंतर मी त्यांना हवा तो देत राहिले. शनिवारी, मग रोज. मी त्यांना अडवू शकले असते का, हे मला रूबेन विचारत नाही. तूही विचारू नकोस.

एकदाच मी त्यांना म्हटले, की मनाला एवढे लागत असेल तर पाद्रीसाहेबांशी बोला, गावसभेत सांगा, शपथ परत करा. ते म्हणाले, "शपथ मी पुन्हा मनात म्हणून पाहिली. तीत विकणारा आहे, घेणारा आहे. खाणारा कुठंच नाही. मी गावाला काय सांगू? गावाच्या शपथेप्रमाणे मी काही चुकलेलोच नाही." मग म्हणाले, "वाढ."

फेब्रुवारीत ते अंथरुणाला खिळले. अंगावर मांस उरले नव्हते. तापात गोधडीवर हात चालायचे, उचल, ठोक, फेक. तोंडाने मात्र काही नाही. शेवटच्या दिवशी पाद्रीसाहेब येण्याआधी त्यांना स्वच्छ शुद्ध आली. मला जवळ बोलावून म्हणाले, "अँब्रोजला मी कुठं टाकला होता?"

मला समजले. तू लहान असताना तुला तराजूच्या पारड्यात बसवून ते सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असे ओरडायचे. मी म्हटले, "पहिल्या ढिगात, बाबा. बिल्बाओ."

"काढ," ते म्हणाले. "बाहेर काढ. उजेडात धर."

त्यांनी दुसरे काही सांगितले नाही. मग पाद्रीसाहेब आले.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. बाबांची जागा रूबेनने घ्यावी, म्हणजे 'काम घरातच राहील', असे तू लिहिले आहेस. तुझे पत्र पोचण्याच्या कितीतरी आधी थर्लोसाहेब त्यासाठी घरी येऊन गेले होते. रूबेन म्हणाला, "साहेब, मला माशातलं कळत नाही." ते हसून म्हणाले, "तेच तर बरं." रूबेनने नाही म्हटले. मार्चच्या गावसभेत थर्लोसाहेबांच्या मेहुण्याने बायबलावर हात ठेवून शपथ घेतली. त्याचा आवाज चांगला मोठा आहे. परवा धक्क्यावरून सबंध दुपार ऐकू येत होता, "जमैका! जमैका! जमैका!"

आम्ही फार वेगळे आहोत असे समजू नकोस. पिंपे रूबेनच बांधतो. गावात दुसरा गिऱ्हाईक नाही आणि मुलांना जेवायला लागते. मीही रोज मांडवावर असते. काल मी ज्या हातांनी लाल मासा उलटला त्याच हातांनी हे लिहिते आहे. वास जात नाही.

गलबत उद्या सुटेल. पिंपे आजच भरून झाली. हे पत्र त्यांच्याच वर बसून तुझ्याकडे येईल.

जोबजवळ तुझी साखर परत दिली आहे. कागद फोडलेला नाही. आणि शिडाच्या कापडात बांधलेले एक पुडके दिले आहे. बाबांच्या पडवीमागच्या ढिगातला हा शेवटचा मासा. बाकीचे रूबेनने एप्रिलमध्ये मक्यात पुरले. मका छान वर आला आहे, वीतभर. बाबा म्हणायचे ते बरोबर होते, तो मातीचाच होता.

पुडके तू स्वतः सोड, नोकराला सोडायला सांगू नकोस. पेराने ठोक. वास घे. खिडकीशी जाऊन उजेडात धर. तुला ओळखू येईल, आपल्याला दोघांनाही एकाच माणसाने शिकवले आहे. आणि मग जे नाव येईल ते मोठ्याने पुकार, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असे.

बाबांनी त्या दुपारी पुकारले नव्हते. ते तुझ्यासाठी राहिले आहे.

तुझी ताई,
टॅमसिन