अमावास्येला आजारी पडणारा पोपट

बाबा, तुमच्या पोपटाला कुणीतरी लपून खायला घालतंय, असा संशय मला गेले चार महिने होता. तुम्ही कामाला होतात त्या गेस्ट हाऊसच्या किचनमागे कडुनिंबाखाली पडलेलं, पंख मोडलेलं ते पिल्लू तुम्ही जेवणाच्या डब्यातून मयूर विहारला घरी आणलंत तेव्हा मी पाचवीत होते. मी त्याला भजी दिली म्हणून तुम्ही रागावलात. "तो पाहुणा नाही, आपलं ताट त्याच्यापुढे ठेवायला," म्हणालात. तुमच्यानंतर त्याचं सगळं मीच बघते. भिजवलेले हरभरे, पेरू, पालक, रोज घासलेली वाटी. तरी महिन्यातून एकदा तो पिसं फुगवून गप्प बसतो, पातळ शी करतो. डॉक्टर म्हणाले, "बेटा, कोई इसे तला हुआ, नमक वाला खिला रहा है. ऐसे नहीं बचेगा."

मी आधी समोरच्या आंटींना धरलं, घराची चावी त्यांच्याकडे असते म्हणून. "तेरा तोता मेरा पोता लगता है क्या, जो छुप के खिलाऊँगी?" म्हणाल्या आणि आठवडाभर बोलल्या नाहीत. मग मी त्याच्या आजारपणाच्या तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. दर वेळी आदल्या दिवशी अमावास्या.

पुढच्या अमावास्येला मी ऑफिसला निघाले आणि मेट्रो स्टेशनवरून परत आले. आई पिंजऱ्यापुढे बसलीये, हातात ताटली, त्यात वडे आणि खीर. तुमच्या नावाचा घास.

"आई, मरेल तो."

"मग कुणाला देऊ? गॅलरीला तू जाळी लावलीस. कावळा येणार कुठून? बाहेर नुसती कबुतरं, ती तर ह्यांना बघवायची नाहीत."

मी तिला लिव्हर, मीठ, तेल सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "एवढी ग्रॅज्युएट झालीस. ते जेवले की नाही, हे मला कसं कळायचं, तेवढं सांग."

त्याला काय काय चालतं, त्याची यादी मी तिला लिहून दिली, बाबा.

आज पुन्हा अमावास्या. आईने अळणी भात केला, उकडलेला भोपळा, पेरूची एक फोड. तुम्ही असतात तर ताट सरकवलं असतं. पोपटानेही तोंड फिरवलं. "तू जा," आई म्हणाली, "तुझा कुठे विश्वास आहे ह्यावर." हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. त्याने पेरूला चोच लावेपर्यंत मी दारातून हलले नाही. ऑफिसात सांगितलं, मेट्रो उशिरा आली.