अपघाताविना दिवस

२ मे, सकाळी ६.१५

फळा : १४०३.

म्हणजे या घरात सलग चौदाशे तीन दिवस अपघात नाही. कारखान्यात सव्वीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो, पण तिथला आकडा कधी दोनशेच्या वर गेला नाही. बाटल्यांचा कारखाना, सहाशे माणसं, रोज कोणी ना कोणी काच लावून घ्यायचाच. इथे मी एकटा, हे खरं. पण शिस्त ती शिस्त. निवृत्त झालो तेव्हा हा फळा मला सन्मानाने देण्यात आला. तो आधी काही महिने जिन्याखाली पडून होता, पण त्याने सन्मान कमी होत नाही.

काल चिरंजीवांचा फोन. तलावाकाठी आठ दिवस बंगला घेतलाय. २४ तारखेला सगळे माझ्याकडे मुक्कामाला येणार आणि २५ ला सकाळी इथूनच पुढे जाणार. सगळे म्हणजे तो, सूनबाई, नात, नातू, शिवाय व्याही आणि विहीणबाई. गाडी कोणती, विचारलं. सात सीटची म्हणाला. मी बोटांवर मोजलं. सहा अधिक एक. त्याने मला ‘चला’ असं तोंडाने म्हटलं नाही, पण घरच्या माणसाला कोणी आमंत्रण देतं का?

संकल्प : सहलीची सुरक्षा माझ्याकडे. ग्रुपवर रोज एकच सूचना. जास्त नाही. माणसं कंटाळतात.

३ मे

पाच सूचना पाठवल्या. एकमेकींना जोडलेल्या होत्या, तोडल्या असत्या तर अर्थ गेला असता.

उत्तर : नातीचा एक अंगठा.

फळ्यासाठी खडू आणले, पन्नास खडूंचा खोका. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, शाळा काढताय का. त्याला सहलीचं सांगितलं. पाऊण तास बोललो. तो मधे तीन गिऱ्हाइकं करून आला, पण धागा सुटू दिला नाही. मी.

६ मे

सूचना क्र. १९ पाठवली. ही माझी आवडती : प्रवासात सामान मांडीवर, पायाशी किंवा टपावर नको. मागची सीट पाडून तिथे पट्ट्याने घट्ट बांधावं. कारखान्यात याच वाक्यावर मला टाळ्या पडल्या होत्या. जेवणाची घंटा त्याच क्षणी झाली होती, पण टाळ्या आधीच्या.

ग्रुपवर शांतता. गंभीर विषय समजून घ्यायला लोकांना वेळ लागतो.

७ मे, दुपारी

सूचना क्र. २२ : एकदा निघाल्यावर, विसरलेल्या वस्तूसाठी गाडी मागे वळवू नये. घाईचं वळण, अपघाताचं कारण.

सूनबाईंनी ‘ओके बाबा’ लिहिलं. नवव्या मिनिटाला! सूनबाई माझ्या बाजूने आहेत, हे मी आधीपासून म्हणत होतो.

११ मे

फळा : १४१२.

ही गेली त्याला आज दीड वर्ष झालं. सकाळी चहा दोन कप झाला. दोन्ही प्यालो.

त्या दिवशीसुद्धा मी फळ्यावर आकडा लिहिला होता. ८६६. शून्य करावं की काय, असा प्रश्न पडला होता. पण आजारपण हा अपघात धरत नाहीत, नियम आहे. घरात माणसं जमलेली, आणि मी खडू घेऊन उभा. मुलगा फळ्याकडे बघत राहिला.  पुढेही कधी त्यावर बोलला नाही. मला वाटतं, त्याला माझी शिस्त आवडली असावी.

मला तिची फार आठवण येते. हे लिहून ठेवतो, कारण सांगणार कोणाला.

संकल्प : मुलाला ऑफिसच्या वेळेत फोन करायचा नाही.

१२ मे

केला. सीटबेल्टचा विषय तातडीचा होता. मीटिंगमध्ये होता. नंतर करतो म्हणाला.

१३ मे

नंतर अजून व्हायचं आहे.

१६ मे

जुनी पत्र्याची ट्रंक बाहेर काढली. पिवळी रंगवली. वर लाल अक्षरांत ‘सुरक्षा’. आतील सामान : आग विझवायचा सिलिंडर, प्रथमोपचाराचा डबा, लाइफ जॅकेट सात, शिट्ट्या सात, तीस मीटर दोर, दोन टॉर्च, कारखान्याचा भोंगा. सातवं जॅकेट अंगात घालून पाहिलं. पोटावर जरा घट्ट. आठ दिवसांत पोट कमी करणार. रोज चार किलोमीटर चालणं.

१७ मे

चालायला निघालो. कोपऱ्यावर दुकानदार भेटला. ट्रंकेबद्दल सांगत होतो तर मधेच म्हणाला, एवढी मोठी ट्रंक ठेवणार कुठे, आणि तुम्ही बसणार कुठे? दुकानदार माणूस चांगला, पण त्याला प्लॅनिंगमधलं काय कळतं. घरी परत आलो. चार किलोमीटरपैकी दोनशे मीटर झालं. सुरुवात महत्त्वाची.

२० मे

माझी बॅग भरून दाराशी ठेवली. पाच दिवस आधी. ऐन वेळची घाई हेच अपघाताचं मूळ.

अंगणात चुन्याने चौकोन आखला आणि मधे लिहिलं : ‘इथे जमा’. आग लागली, भूकंप झाला, की सर्वांनी या चौकोनात यायचं आणि मी मोजणी करणार. सराव म्हणून शिट्टी वाजवली, चौकोनात जाऊन उभा राहिलो, मोजणी केली. हजर एक. वेळ अकरा सेकंद. उत्तम.

२३ मे

जिन्याला, ओट्याला आणि अंगणातल्या हौदाला पिवळी-काळी पट्टी बांधली. मुलांना धोका दिसायला हवा. घर आता शंभर टक्के सुरक्षित. एकही सूचना पाठवली नाही. मन लागत नव्हतं. रात्रीच्या जेवणाला सात ताटं पुसून ठेवली, उद्याची.

२४ मे, रात्री ९.००

आले! दुपारी बाराला येणार होते, साडेचारला आले. रस्त्यात विहीणबाईंना गाडी लागली. मी बारापासून फाटकात उभा होतो. उभं राहणं पाठीला चांगलं.

पाहुण्यांना आत सोडण्याआधी सुरक्षेची माहिती द्यायची पद्धत आहे. चाळीस मिनिटांची. मी ती कापून पस्तीसवर आणली होती. चौथ्या मिनिटाला व्याही खुर्ची शोधायला गेले. सहाव्याला सूनबाई म्हणाल्या, बाबा, मुलांना बाथरूमला जायचंय. नातू पाच वर्षांचा. तो परवानगीची वाट न बघता धावत सुटला आणि हौदापाशी बांधलेल्या पट्टीत पाय अडकून आपटला. गुडघा फुटला.

अपघाताचं कारण : तपास चालू आहे.

त्याने जे भोकाड पसरलं, ते कोपऱ्यापर्यंत गेलं असेल. मी त्याला मांडीवर घेतलं. जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली. रडणं थांबल्यावर त्याने दुसरा गुडघा पुढे केला. त्यालाही पट्टी हवी होती. नियमात बसत नाही. बांधली. ते बघून माझा मुलगा हसला. पुष्कळ दिवसांनी त्याचं हसणं या घरात ऐकलं. त्याच्या आईसारखं, आधी श्वास ओढून घेतो.

मग फळ्याचं काम. १४२५ पुसून शून्य लिहिलं. नातीने विचारलं, आजोबा, तुम्हाला वाईट वाटतंय का. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. नातवाला उचलून धरलं तर त्याने खडू घेतला आणि शून्याला दोन डोळे काढले, एक तोंड काढलं, मग कान. कान एकच. तेवढ्यात खडू तुटला.

आत्ता सगळ्या खोल्यांत दिवे आहेत. विहीणबाई घोरतात. मोरीत कोणीतरी बादली वाजवतंय. जिन्यावर चपला अस्ताव्यस्त पडल्यात, पडणारा पडेल. उचलल्या नाहीत.

२५ मे, सकाळी १०.३०

सविस्तर लिहितो, नोंद राहायला हवी.

साडेसातला शिट्टी. सगळे चौकोनात. हजर सहा, अधिक मी. मग सामान चढवणं. ट्रंक मुलाने आणि व्याह्यांनी मिळून उचलली. व्याह्यांची पाठ धरली. त्यांनी वाकून उचलली, गुडघ्यातून उचलायची असते. सूचना क्र. ११.

ट्रंक मांडीवर नाही, पायाशी नाही, टपावर नाही. सूचना क्र. १९ प्रमाणे मागची एक सीट पाडून पट्ट्याने बांधली. फार सुंदर बसली. मापाची.

मग माझ्या लक्षात आलं.

मी बॅग घेऊन गाडीच्या दाराशी उभा होतो. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही बाबांच्या मांडीवर बसा. मुलगा म्हणाला, बाबा, ट्रंक राहू द्या, तुम्ही चला. हो, म्हणाला. दोनदा म्हणाला. पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा जरा हळू. सूनबाईंनी घड्याळ बघितलं. ऊन चढत होतं.

मी एकच प्रश्न विचारला : तलावावर सहा जिवांची जबाबदारी आहे, आणि तुम्ही माणूस न्यायचा म्हणून लाइफ जॅकेट मागे ठेवणार?  मुलगा म्हणाला, जशी तुमची इच्छा. इच्छेचा प्रश्नच नव्हता.

त्याने तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर बहुतेक मी ट्रंक उतरवली असती. बहुतेक काय, उतरवलीच असती. पण तिसऱ्यांदा विचारायला त्याला वेळ नव्हता, रस्ता लांबचा.

ग्रुपवर लिहिलं : शुभ प्रवास. सीटबेल्ट. गाडी वळली तेव्हा नातू मागच्या काचेतून हात हलवत होता. म्हणजे सीटबेल्ट लावलेला नव्हता. मीही हात हलवला.

निर्णय योग्यच झाला. मी तिथे नसलो तरी माझी ट्रंक आहे.

बॅग दाराआड ढकलली. रिकामी करायची घाई नाही. गडबडीत फळ्यावर १ लिहायचं राहिलं.

२६ मे

ग्रुपवर एक फोटो. नातू पाण्यात. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, भिजलेल्या. अंगात लाइफ जॅकेट नाही. तातडीने विचारलं : जॅकेट कुठे? उत्तर नाही. तलावाकाठी रेंज नसते. फोटो पाठवण्यापुरती आली असेल.

फळा पुसायला फडकं शोधलं. सापडलं नाही. स्वयंपाकघरात तीन होती, पण ती भांड्यांची.

दोन कप चहा.

२७ मे, संध्याकाळी ६.००

चालायला निघालो. कोपऱ्यावर दुकानदाराने हाक मारली. म्हणाला, ती तुमची पिवळी ट्रंक कधी नेताय? मुलगा परवा सकाळी ठेवून गेला, परत येताना घेतो म्हणाला. आत काही फुटणारं नाही ना, एवढ्या उन्हाचं.

मी म्हणालो, सिलिंडर सावलीत ठेवा. ट्रंक गोण्यांच्या मागे होती. झाकणावर कोणीतरी साबणाचे खोके रचले होते. कडी मी लावली होती तशीच.

माझ्या फाटकापासून त्याचं दुकान दोन मिनिटं. म्हणजे दोन मिनिटांनंतर गाडीत सातवी सीट होती. मी तेव्हा अजून फाटकातच उभा होतो.

विचार केला तर कारण सरळ आहे. व्याह्यांची पाठ दुखत होती, ट्रंक जड. कोपऱ्यावर ती उतरवल्यावर मुलाला परत फिरून मला घ्यायचं असणार. नक्कीच असणार. पण सूचना क्र. २२ मीच पाठवली होती, गाडी मागे वळवू नये. पोरगा माझ्या सूचना वाचतो. एवढं तरी सिद्ध झालं.

चालणं : दोनशे मीटर. घरी येऊन चौकोनात थोडा वेळ उभा राहिलो. शिट्टी वाजवली नाही.

नियमाप्रमाणे फळ्यावर आज ३ हवं. त्यासाठी शून्य पुसावं लागतं, डोळे, तोंड आणि तो एक कान धरून. फडकं सापडलं होतं. हातात घेऊन बराच वेळ उभा होतो.

नाही लिहिलं. खडू संपलेत.