सुमनच्या वहीतले रिकामे दिवस

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ

अकोल्याहून रश्मी आली होती. सुमन जाऊन आठ महिने झाले. तिने ठरवलेली इंडोनेशियाची सहल आता आम्ही बापलेक करणार. वहीत तिने चार बेटे लिहिली आहेत, आणि प्रत्येक बोटीच्या प्रवासानंतर एक दिवस रिकामा. पुढे लिहिले आहे, ‘इथे मी दमेन.’

रश्मी म्हणाली, “बाबा, आई त नाही आता. हे दिवस काढून टाकू, अजून एक बेट बसते त्यात.”

दमणारी सुमन नव्हतीच. धारणीच्या घाटात तीच जीपवाल्याला म्हणायची, “भाऊ, जीप थांबव, मले मळमळून राहिलं.” तिच्यामागे मी उतरायचो, आणि झाडाआड उलटी मी करायचो. इतकी वर्षे कोणाला कळू दिले नाही. वहीतही नाही. ‘इथे मी दमेन.’ किती सहज सांभाळले तिने. मला जमले असते का?

शेवटी रश्मीला खरे सांगितले.

“मंग आईनं बोटी काहून घेतल्या? विमानानं जाऊ नं.”

तिला समुद्र पाहायचा होता. माझ्यामुळे राहून गेला.

बोटीनेच जाऊ, मी म्हटले. रश्मीने सामानाच्या यादीत माझ्या नावापुढे उलटीच्या गोळ्या लिहिल्या.